तिसरी गोळी

औरंगाबाद,
४ डिसेंबर १९६०

चि. नाना,

आशीर्वाद आहेतच. ते दर पत्रात लिहायची मला सवय नाही.

रायफल काल परत मिळाली. चौकशी संपली, अपघाती मृत्यू असा शेरा पडला आणि मालखान्यातून सही घेऊन ती त्यांनी माझ्या ताब्यात दिली. लायसन माझ्या नावावर आहे, त्यामुळे तू येण्याची गरज पडली नाही. सोबत एक कापडी पिशवी मिळाली. त्या दिवशी तुझ्याजवळ उरलेली काडतुसं तिच्यात आहेत. तोंड सुतळीनं बांधून वर लाख लावलेली आहे. मी ती तशीच कपाटात ठेवली.

तुझा भिलाईचा पत्ता तुझ्या कार्डावरून मिळाला. त्यावर 'पत्ता बदलला आहे' एवढंच होतं. मुलींना पत्रलेखन शिकवताना मी सांगते, थोडक्यात लिहा. इतकं थोडक्यात नव्हे.

पंचनाम्याची नक्कल वाचली. त्यात काय आहे ते लिहिते. कुठं चूक असेल तर कळव. गेल्या वर्षीची कार्तिकातली सकाळ. डुकरांचा कळप उसातून निघून आपल्या मळ्यात, वाटेकरी कडूबाच्या ज्वारीत शिरला. तू विहिरीच्या कट्ट्यावर बसलास. कडूबा पलीकडून डबा बडवत हाकत होता. पहिल्या गोळीला एक मादी जागेवर पडली. दुसरी गोळी मातीत गेली. तिसरी तू मोठ्या सुळेवाल्यावर झाडलीस. तो बांधाजवळ आडवा उभा होता, विहिरीपासून आपलं खळं आहे तितका लांब. नेम खांद्यावर होता, गोळी मागच्या मांडीला लागली. तो फिरला तो सरळ कडूबावर. जीप कन्नडला पोचायच्या आधीच कडूबा गेला होता.

खाली तुझा जबाब आहे. 'माझा हात चुकला.'

हा जबाब झाला. पुरावा नव्हे. तीन गोष्टी चुकू शकतात. रायफल, गोळी किंवा हात. रायफल तुझ्या वडिलांची, तुझ्याहून जुनी. पोलीस ॲक्शननंतर सगळ्यांची हत्यारं जमा झाली तेव्हा तीही गेली होती आणि दोन वर्षं कुठल्या तरी कोठारात पडून परत आली. गोळ्या माझ्या. बाहेरची काडतुसं मिळायची बंद झाली तेव्हा झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरायचं मीच सुरू केलं. शिसं वितळवणं, साच्यात ओतणं, मेण लावणं, सगळं आपल्या स्वयंपाकघरात झालेलं आहे. तेव्हा तिघांपैकी दोन गोष्टी न तपासता तू तिसरीवर सही करून मोकळा झालास. माझ्या वर्गात असं उत्तर कुणी लिहिलं असतं तर मी शून्य दिलं असतं.

मी तपासणार आहे. हात चुकला असं निघालं तर तसं लिहीन. तुझं समाधान करायला मी बसलेली नाही.

बाकी ठीक. शाळा चालू आहे. जेवण होतं, झोप लागते. लोक विचारतात, बाई, कशा आहात? मी सांगते, बरी आहे. हे खरं आहे का म्हणून स्वतःला विचारून पाहिलं. खोटं काही सापडलं नाही. दुसरंही काही सापडलं नाही.

आई


औरंगाबाद,
१८ डिसेंबर १९६०

चि. नाना,

तुझं उत्तर आलं नाही, म्हणजे पंचनामा बरोबर आहे असं धरते.

सिटी चौकातल्या जब्बारभाईंकडे रायफल नेली. तुला आठवत असतील. पूर्वी जहागीरदारांच्या बंदुका दुरुस्त करायचे. आता दुकानात दारापासून छतापर्यंत स्टोव्ह आहेत. मी म्हटलं, "जब्बारभाई, धंदा बदलला?" तर म्हणाले, "बाईसाहेब, ॲक्शन के बाद बंदुका गेल्या, स्टो आले. स्टो भी फटतेच हैं. आपलं चालू आहे."

नळी उजेडाकडे धरून आत पाहिलं तर काही दिसेना. ओल्या फडक्याची सळई घातली. काळी, दगडासारखी कडक राख निघाली आणि तिच्याबरोबर शिशाचे पापुद्रे. नळीतल्या चक्री खाचा बुजून गेल्या होत्या. गोळीला फिरकी देतात त्या खाचा. त्या बुजल्या की गोळी फिरकी न घेता जाते, वाऱ्यावरच्या पानासारखी.

मी विचारलं, हे त्या दिवशीचं की ठाण्यातल्या वर्षभराचं?

"क्या मालूम. साल भर ठाण्यात ठेवलं तर माणसाला गंज चढतो, हे तर लोखंड आहे." मग म्हणाले, "तुमचं शिसं नरम आहे, बाईसाहेब. नरम शिसं नळीला चिकटतं. भिंतीला शेण लावल्यासारखं."

म्हणजे पहिला संशय माझ्यावर. ठीक आहे.

नळी साफ करायला तीन संध्याकाळी गेल्या. गरम पाणी, फडकी, पुन्हा गरम पाणी. जब्बारभाईंच्या घरून वहिदा, त्यांची सून, किटल्या भरभरून आणत होती. शेवटी तिनं विचारलं, "अम्मा, न्हाण घालताय का बंदुकीला? नववा महिना लागला काय तिला?" जब्बारभाई हसले. मीही हसायला हवं होतं. सवय राहिली नाही.

रविवारी पडेगावच्या पुढच्या माळावर गेलो. माळाच्या मालकाला आणि पोलीस पाटलाला आधी कळवलं होतं. टांग्यात शाळेतलं एक जुनं टेबल, वाळूच्या दोन पिशव्या आणि जब्बारभाई. मागं टेकडी आहे, गोळी पुढं जात नाही. विहीर ते खळं जेवढं अंतर तेवढं दोरीनं मोजून नेलं होतं. निशाणाला जुन्या उत्तरपत्रिका लावल्या, कोऱ्या बाजूला शाईनं वर्तुळ काढून. एकीची मागची बाजू वर आली होती. 'शिसे हा मऊ धातू आहे.' मी तिला पूर्ण गुण दिलेले होते.

रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून मीच झाडली. कुणाचाही हात मध्ये येऊ नये म्हणून पिशवी. काडतूस चढवायची खालची कडी ओढायला माझ्या मनगटाला जड जाते, पण जमतं. नव्यानं ओतलेल्या, नुसत्या शिशाच्या, मेण न लावलेल्या पाच गोळ्या. पाचांचा पसारा पोळपाटाहून मोठा. जब्बारभाई कागद घेऊन आले आणि म्हणाले, "बाईसाहेब, डुक्कर जर स्थिर उभं राहिलं आणि हत्तीएवढं असलं, तर पक्कं लागणार."

पुढच्या रविवारी पुन्हा जाणार.

आई


औरंगाबाद,
८ जानेवारी १९६१

चि. नाना,

काम झालं आहे. क्रमानं लिहिते.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम ठेवला. आधी धातू. गुलमंडीच्या एका छापखान्यात झिजलेले खिळे रद्दीत काढले होते, ते आणले. छपाईच्या खिळ्यांत शिशाबरोबर कठीण करणारे धातू असतात. कढईत अक्षरं वितळताना बघणं विचित्र वाटतं. 'ळ' सर्वांत शेवटी गेला. ते मिश्रण घातल्यावर गोळी नखाला दाद देईना. पसारा पोळपाटावरून ताटलीवर आला.

मग दारू. मला वाटलं होतं, जास्त दारू म्हणजे सरळ मारा. उलट निघालं. दारू थोडी कमी केली तशी गोळी शहाण्यासारखी वागू लागली. मग मेण. पूर्वी मी मधमाशीचं मेण आणि बोकडाची चरबी वापरत होते. तेच आता लावलं, प्रमाण थंडीसाठी थोडं बदलून. गोळीच्या अंगावर दोन खाचा असतात, त्या या मेणानं भरायच्या. एक खाच पुंगळीच्या आत जाते, एक बाहेर उघडी राहते. हे मेण जाता जाता नळीला वंगण देतं, राख मऊ ठेवतं आणि शिशाला चिकटू देत नाही. आता पाच गोळ्या एका बशीत बसतात. जब्बारभाई कागद खिशात घालून घेऊन गेले. म्हणाले, "दुकान में लगाऊंगा. स्टोच्या गिऱ्हाइकांना दाखवीन, कोणाच्या हातनं दुरुस्ती होते ते."

हे सगळं नवीन झालं. पण प्रश्न नव्या गोळ्यांचा नव्हता. तू नेल्या होत्या त्या गोळ्यांचा होता. त्याच आठवड्यात, त्याच शिशाच्या ओतलेल्या काही इथल्या डब्यात शिल्लक होत्या. काल त्या झाडल्या. नळी स्वच्छ करून, पिशवीवर टेकवून, तेवढ्याच अंतरावर.

पाची ताटलीत बसल्या. नळीत पाहिलं. राख मऊ, फडक्याच्या एका फेरीत निघाली. शिसं नाही.

सुळेवाल्या डुकराचा खांदा ताटलीहून मोठा असतो.

तेव्हा रायफल चांगली. गोळ्या, नव्यांइतक्या नाही तरी, पुरेशा चांगल्या. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की जे निघेल ते लिहीन. हात चुकला असं निघालं आहे.

हे लिहिताना मला एकही अक्षर खोडावं लागलं नाही. का लागलं नाही याचा विचार केला आणि सोडून दिला. परवा द्वारकाबाई म्हणाल्या, बाई, तुम्ही रडून घ्या एकदा. त्या शेजारी राहतात, त्यांना बोलावंच लागतं. मी त्यांना सांगितलं, वेळ मिळाला की.

संक्रांत आली. तिळगूळ पाठवत नाही. पोस्टात चुरा होतो.

आई


औरंगाबाद,
२२ जानेवारी १९६१

चि. नाना,

तुझं कार्ड मिळालं. 'मान्य आहे. नाना.'

मान्य करू नकोस. माझं ८ तारखेचं पत्र चुकीचं आहे. किती चुकीचं ते अजून ठरायचं आहे, पण हे पत्र आजच टाकते म्हणजे मधल्या दिवसांत तू काही ठरवून बसणार नाहीस.

तुझं कार्ड आलं त्या दिवशी मी रायफल जब्बारभाईंकडून आणायला गेले होते. पैशाचं विचारलं तर ते स्टोव्हच्या पिना मोजत बसले. मग म्हणाले, "बाईसाहेब, वो थैली?"

"कोणती?"

"ठाण्यातून आली ती. लाखवाली. ती नाही झाडली."

मी सांगितलं, त्याच घाण्यातल्या आहेत. डब्यातल्या झाडल्या, त्या झाडल्यासारखंच आहे.

"भाई एकच आईचे असतात," ते म्हणाले, "पण कोण कुठं राहून आला, ते पण बघावं लागतं ना."

खरं कारण मी त्यांना सांगितलं नाही. तुला सांगते, कारण हे तपासाचा भाग आहे. ती पिशवी मी एवढ्यासाठी उघडली नव्हती की तिची गाठ तू मारलेली होतीस. पोलिसांनी लाख वरून लावली आहे, आतली दुहेरी गाठ तुझी आहे. लहानपणी बुटांच्या नाड्यांना मारायचास तीच. ती मला सोडायची नव्हती. त्यासाठी मी तुला दोषी ठरवून मोकळी झाले. याला पद्धतशीर काम म्हणत नाहीत.

काल दुकानात पिशवी फोडली. सात काडतुसं होती. टेबलावर ओतली तशी जब्बारभाईंनी शीळ घातली. ती चमकत होती. पितळ सोन्यासारखं, आणि गोळ्याही नव्या चांदीच्या रुपयासारख्या. माझी काडतुसं कधी चमकत नाहीत. मी पितळ घासत नाही. त्यांच्यावर काळपट तुपकट थर असतो, हाताला लागतो, त्यासाठी तू मला किती वेळा बोलला आहेस.

उघडी खाच रिकामी होती. मेण नव्हतं.

लगेच माळावर गेलो. स्वच्छ नळी. पहिली गोळी वर्तुळाच्या कडेला, चालण्यासारखी. दुसरी कागदाच्या कोपऱ्यात. तिसरी कागदावरच नाही. जब्बारभाई टेकडीपर्यंत चालत गेले आणि दगडावरची खूण बघून आले. हातभर डावीकडे, खाली. नळीत सळई घातली तर तीच दगडासारखी राख, तेच पापुद्रे. पहिल्या दिवशी निघाले होते तसेच.

म्हणजे मेण पुसलेली गोळी. कोरडी जाते, पहिली निभावते, दुसरी घाण करते, तिसरी भरकटते. तू वाळूच्या पिशवीवर टेकवून झाडली असतीस तरी ती भरकटली असती. तुझ्याही तीनच झाल्या होत्या, आणि कडूबा तिसरीला गेला.

उरलेल्या चारांपैकी एकीची खाच मी सुईनं खरवडली. चिंचेचा वाळलेला कोळ निघाला. आणि कणभर कुंकू.

कुंकवावरून मला समजायला हवं ते समजलं आहे. पण समजणं पुरेसं नसतं, हे गेल्या पत्रानं शिकवलं. येत्या रविवारी कन्नडला जाते. मग लिहीन. तोपर्यंत रोज जेव.

आई


औरंगाबाद,
३० जानेवारी १९६१

चि. नाना,

काल सकाळच्या एस.टी.नं कन्नडला गेले, तिथून मळ्यावर. कडूबामागं भागूबाई त्याच खोपीत एकटी राहते. ज्वारी हुरड्याला आली आहे. बांधावर डुकरांच्या खुणा आहेत, पण या साली अजून आत शिरलेली नाहीत.

मला पाहून ती उठली. "या बाई. वाळल्या वो तुम्ही. शाळंत खाऊ देत नाय का कुणी?"

शेणीच्या विस्तवावर कणसं ठेवली, हातावर चोळली, फुंकली, माझ्यापुढं सुपात ओतली. मग खायला लावलं. ती खायला लावते तेव्हा नाही म्हणता येत नाही, तुला माहीत आहे. खाल्ल्यानंतर मी विचारलं.

"भागूबाई, त्या साली खंडेनवमीला काडतुसांची पूजा कुणी केली?"

"कुणी म्हंजी? दरसाल तेच करायचे की. नांगर, कुऱ्हाड, विळा, बंदूक. तुमचे मालक व्हते तवापासून."

ते मला माहीत होतं. तुझ्या वडिलांच्या वेळची काडतुसं कारखान्याची असायची. त्यांच्या गोळ्यांना वर तांब्याचं कवच, मेणाची गरजच नाही. कडूबा दरवर्षी ती चिंचेनं घासायचा, कुंकू लावायचा, झेंडूचं फूल ठेवायचा. वीस वर्षांत काही बिघडलं नाही. मी भरायला लागल्यापासून पहिली दोन वर्षं दसऱ्याला काडतुसं शहरात माझ्या कपाटात होती. त्या साली तू नवमीच्या आधी पिशवी मळ्यावर नेलीस. एवढाच फरक.

"नानानं पिशवी खुंटीला लावली व्हती," भागूबाई म्हणाली. "ह्यांनी काढली. हात लावला अन् म्हणले, आगं, ह्याला बाईंनी बोकडाची चरबी लावलीया. माळकरी मानूस मी, देवाम्होरं हे कसं ठिवू? मंग म्या चिंच कोळून दिली. दोघंबी बसलो घासत. मी पुंगळ्या, ते गोळ्या. अशी लखलखली वो बाई! म्हणले, बाईंला दाखवतो आता. बाईंला शाळंपायी घासाया येळ नसतो, तोंडानं सांगत नायत."

मी सुपाकडे पाहत होते.

"का वो बाई? त्यानं काय वंगाळ झालं व्हय?"

आता नीट वाच.

मी तीस वर्षं मुलींना सांगत आले की जे दिसलं ते लिहा, जे हवं ते नव्हे. सकाळी एस.टी.त बसले तेव्हा भागूबाईला सगळं सांगायचं असं ठरवूनच बसले होते. मेण काय करतं, चिंच काय करते, सोप्या शब्दांत. मला ते चांगलं येतं. तिला कळलंही असतं. तिला लगेच कळलं असतं, हीच अडचण होती. चिंच तिनं कोळली होती. अर्धी काडतुसं तिच्या मांडीवर घासली गेली होती. नवऱ्याबरोबर तिनं शेवटचं काही बसून केलं असेल तर ते तेच.

मी म्हटलं, "नाही. पूजा रीतसर झाली होती का, एवढंच विचारायचं होतं."

"रीतसर झाली. नारळबी फोडला." मग ती विस्तव सारखा करायला लागली. "मंग गोळी हुकली कशी, बाई? पुंजाराम सगळ्या गावात सांगतो, नाना पिऊन व्हता म्हून. म्या त्याला म्हणलं, मेल्या, तू पितोस म्हून समदे पितात का? पर मनात राहतंच ना."

पुंजाराम म्हणजे पलीकडच्या शिवेचा. त्याचं सोड.

"तो प्यायला नव्हता," मी सांगितलं. "त्याचा हात चुकला."

हे मी बोलले. तुझी आई, सगळा तपास पिशवीत घेऊन बसलेली. आवाज माझा नेहमीसारखाच होता.

भागूबाई म्हणाली, "एवढंच ना? जवान पोराचा हात हुकतो. त्यात काय. ह्यांनीच त्याला शिकवली व्हती बंदूक धरायला, मी तवाच म्हणत व्हते, त्याचा डावा खांदा उचलतो." मग तिचा आवाज चढला. "पर त्यानं ह्यांच्या तेराव्याचं ताट तसंच टाकलं अन् उठून गेला, बाई. त्याचं मला लई लागलं. म्या माझ्या हातानं वाढलं व्हतं. पोळी अर्धी मोडलेली. ते अन्न अजून त्याच्या नावावर हाय. त्याला म्हणावं, यं, अन् जेवून जा. अन् माझ्याम्होरं एकदा बोल. दुसऱ्याच्या तोंडून नगं."

संध्याकाळच्या गाडीनं परत आले. रात्री उरलेल्या चार काडतुसांच्या गोळ्या उपसल्या, घासलेल्या पुंगळ्या पुन्हा भरायच्या डब्यात टाकल्या आणि शिसं वितळवून नव्या घाण्यात मिसळलं. आता त्यातली कुठली कुठली होती ते मलाही सांगता येणार नाही. जब्बारभाईंना माहीत आहे. आज मी त्यांना म्हटलं, जब्बारभाई, ती थैली आपण उघडली नव्हती. ते म्हणाले, "कौन सी थैली? मैं तो स्टो रिपेअर करता हूं."

नव्या भरलेल्या गोळ्या डब्यात आहेत, बशीत पाच बसणाऱ्या. दसऱ्याला त्या माझ्याच कपाटात राहतील. मळ्यावर पूजेसाठी मी रिकाम्या पुंगळ्या पाठवीन. भागूबाईला हव्या तेवढ्या घासू दे.

आता तुझं. तुझा हात चुकला नव्हता. हे मी तपासून लिहिते आहे आणि यात आता बदल होणार नाही. ते तुला कळावं म्हणून हे पत्र आहे. ते भिलाईतच राहू दे, घेऊन येऊ नकोस.

आणि ये. रजा मिळत नसेल तर आईची प्रकृती असं लिही. तशी माझी प्रकृती उत्तम आहे. पण काल एस.टी. घाटाखालून वळली तेव्हा माझ्या गालाला काही तरी ओलं लागलं. खिडकी बंद होती. शेजारची बाई म्हणाली, धुळीचा त्रास होतो का? मी हो म्हटलं. एका दिवसात दोघींशी खोटं बोलले.

गावात लोक काही बोलतील. पुंजाराम तर बोलेलच. तू त्यांना काही समजावायचं नाहीस. चुकलेल्या हाताचा माणूस म्हणूनच तुला तिथं राहावं लागेल, बहुतेक कायम. हे मी तुझ्यावर टाकते आहे आणि तुला न विचारता टाकलं आहे. जमत नसेल तर येऊ नकोस, पण मग कार्डावर दोन शब्द लिहून पाठवू नकोस. पूर्ण वाक्य लिही.

आलास तर आधी मळ्यावर जायचं, मग घरी. भागूबाई पाट मांडेल. वाढेल. जेवताना मध्येच विचारेल, "हात हुकला व्हय रं नाना?" ती तशीच विचारते, समोरच्याच्या तोंडात घास असताना.

तू 'व्हय' म्हणायचं. आणि ताट पूर्ण संपवून उठायचं.

आई